महागडा ईसीयू आणि हरवलेला पासवर्ड

आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमची बजेट मीटिंग भरली की एका प्रश्नावर हमखास भांडण होतं. ईसीयू कोणता घ्यायचा? एक गट म्हणतो, घ्यायचा तर मोटेक किंवा हालटेक, नाहीतर घेऊच नका. दुसरा म्हणतो, स्पीडुइनो स्वतः सोल्डर करू, वाचलेल्या पैशांत टायर येतील. दोन वर्षांत मी या भांडणात दोन्ही बाजूंनी ओरडून झालो आहे. आता मात्र माझं स्पष्ट मत आहे की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो.

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईसीयू म्हणजे इंजिनाचा मेंदू. किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे तो एका कोष्टकात बघून ठरवतो. कोष्टकाच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड. या कोष्टकाला मॅप म्हणतात. आमच्या गाडीत जुन्या केटीएम ३९० ड्यूकचं ३७३.२ सीसीचं, एकाच सिलिंडरचं इंजिन आहे. बाइकवर ते कंपनीच्या ईसीयूवर मजेत चालतं. पण स्पर्धेच्या नियमानुसार थ्रॉटल आणि इंजिनाच्या मध्ये २० मिमी व्यासाचा रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो. इंजिनाची सगळी हवा त्या भोकातूनच जाते. वर आपण इनटेक बदलतो, एक्झॉस्ट बदलतो. मग कंपनीचा मॅप काय कामाचा? म्हणून बाहेरचा, स्वतः प्रोग्राम करता येणारा ईसीयू लागतो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे चांगला महागडा ईसीयू होता. सिनियर बॅचने तो घेतला, ट्यून केला, आणि कुणी हात लावू नये म्हणून मॅपला पासवर्ड टाकला. नंतर सगळे पास आउट झाले. स्पर्धेच्या आधी ग्राउंडवर टेस्टिंग करताना लक्षात आलं की गरम इंजिन बंद केलं की लवकर सुरू होत नाही. दुरुस्ती फारशी मोठी नव्हती, गरम असतानाचं स्टार्टिंगचं पेट्रोल थोडं बदलून बघायचं होतं. पण मॅप उघडेना! ज्याने ट्यून केलं होतं तो जर्मनीत एमएस करतोय. त्याला फोन केला, तर पासवर्ड त्यालाही आठवेना. जुना लॅपटॉप कधीच फॉरमॅट झाला होता.

एन्ड्युरन्स ही साधारण २२ किलोमीटरची फेरी. निम्म्या वाटेत ड्रायव्हर बदलतो, तेव्हा इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. तिथेच आमची गाडी बसली. स्टार्टर फिरत राहिला, बॅटरी उतरली, दिलेली वेळ संपली. सगळ्यात जास्त गुण ज्या इव्हेंटला, त्यातच शून्य. वर्षभर रात्री जागून वेल्डिंग केलेल्या पोरांची तोंडं मला अजून आठवतात.

म्हणून माझं म्हणणं असं की ईसीयू निवडताना ब्रँड शेवटी बघा. पहिला प्रश्न: तो आपल्या इंजिनाचे सिग्नल नीट वाचू शकतो का? क्रँकची स्थिती दातेरी चक्रीवरून कळते. ३६ दातांतला १ गाळलेला किंवा ६० दातांतले २ गाळलेले, असे तिचे ठरलेले प्रकार असतात. सेन्सर व्हीआर आहे की हॉल हेही बघावं लागतं. स्पीडुइनोला व्हीआर सेन्सर जोडायचा तर वेगळा कंडिशनर लागतो. त्यात आमचं इंजिन एका सिलिंडरचं. ते हवा सलग ओढत नाही, दोन फेऱ्यांत एक घोट घेतं. त्यामुळे मॅनिफोल्डचं प्रेशर सारखं वरखाली नाचतं. क्रँकच्या ठराविक कोनाला ते मोजण्याची सोय ईसीयूत नसेल, तर लोडचा आकडाच खोटा येतो.

दुसरा प्रश्न सेन्सरचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साधा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ आहे की घट्ट एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड सेन्सर घेतलाच पाहिजे. आणि वाचन लॅम्डामध्ये करायला शिका. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला मात्र साधारण १३.५ च. पाठ केलेला जुना आकडा इथे दगा देतो. लॅम्डा १ म्हणजे दोन्हीकडे बरोबर मिश्रण.

तिसरा प्रश्न डायनोचा. लाखाचा ईसीयू आणून डायनोवर दोनच तास मिळणार असतील, तर तो मॅप अंदाजपंचेच भरला जाणार. त्यापेक्षा कमी किमतीचा ईसीयू आणि दोन दिवस डायनो, गाडी नक्की जास्त चांगली पळेल. पॉवर डब्यातून येत नाही, नीट भरलेल्या कोष्टकातून येते.

इथे कुणी म्हणेल, हा स्वस्तातल्या ईसीयूची वकिली करतोय. तसं नाही. महाग ईसीयूत डेटा लॉगिंग उत्तम असतं, कनेक्टर पाण्याला दाद देत नाहीत, ऑइल प्रेशर पडलं की इंजिन स्वतः बंद करण्याची सोय असते. उलट घरी सोल्डर केलेल्या बोर्डात एक कच्चा सांधा राहिला किंवा इग्निशनचा नॉइज शिरला की आठवडा वाया. ज्या टीमकडे इलेक्ट्रॉनिक्सचा एकही पोरगा नाही, तिने त्या वाटेला जाऊ नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि अंथरुणात फक्त पैसे येत नाहीत, माणसंही येतात.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न: आपण पास आउट झाल्यावर हा ईसीयू कोण चालवणार? आमची टीम दर दोन वर्षांनी पूर्ण बदलते. म्हणून मी यंदा मीटिंगमध्ये एक नियम सुचवला आहे. जो ईसीयू आपण घेऊ, त्यावर सेकंड इयरच्या दोघांनी कोऱ्या मॅपपासून इंजिन सुरू करून दाखवायचं. प्रत्येक मॅपची कॉपी तारखेसकट कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ठेवायची. पासवर्ड नकोच; टाकलाच तर वर्कशॉपच्या मामांच्या रजिस्टरमध्ये लिहायचा.

काही जण हसले. "मामांना काय कळतंय ईसीयूतलं?" असंही म्हणाले. कळत नसेलही. पण पुढच्या वर्षी आपण इथे नसू आणि मामा असतील, एवढं तरी त्यांनी लक्षात घ्यावं.