जुन्या मोटारींचे जुने क्रमांक

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारींच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले, हे योग्यच झाले. पूर्वी नोंदलेल्या मोटारीस आपला मूळ क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणी झाल्यास मात्र २०,००० रुपये भरून ‘व्ही. ए.’ अक्षरांचा नवा क्रमांक घ्यावा लागतो.

तथापि, मूळ क्रमांक राखावयाचा तर जुने नोंदणीपुस्तक अर्जास जोडावे लागते आणि खरी अडचण तेथेच आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथे जुने बंगले जाऊन इमारती उभ्या राहिल्या. या हलवाहलवीत आजोबांची गाडी टिकली, तरी तिचे कागद टिकलेच असतील असे नाही. काळ्या पाटीवरील पांढरी ‘बी. एम.’ ही अक्षरे केवळ हौसेचा अलंकार नव्हेत, ‘एम. एच.’ येण्यापूर्वीच्या मुंबईचा तो दाखला होय. पाटी पुन्हा रंगवता येते, तिच्यामागची नोंद रंगवून मिळत नाही.

म्हणून आमचे परिवहन खात्यास सांगणे आहे की, कागद हरवलेल्या मालकास नवा क्रमांक देण्यापूर्वी जुनी दप्तरे शोधावीत आणि चासी व इंजिनाचे क्रमांक ताडून पाहावेत. खोटे दावेही त्यामुळेच उघडे पडतील. मालकांनीही ध्यानात ठेवावे की, ही नोंदणी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांपुरती आहे, रोजच्या फेरफटक्यासाठी नव्हे. सवलत हवी असेल, तर तिची मर्यादाही पाळली पाहिजे.