दर रविवारी दहा मिनिटं

मंडळी, मागचे दोन वीकेंड ब्लॉग कोरा राहिला त्याला कारण एक गाडी आहे. माझी नाही. माझ्याकडे अजून कॉलेजपासूनचीच बाईक आहे आणि तिच्यावर मी खूष आहे. गाडी दादाची, म्हणजे चुलतभावाची. दोन दारांची, लाल, जमिनीला चिकटून चालणारी, टर्बो पेट्रोल. पुण्यात सेकंडहँड घेतली होती, नव्या एसयूव्हीच्या पैशात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. २०२४ च्या जानेवारीत दादा ऑनसाईट जर्मनीला गेला आणि जाताना गाडी हरसूलला काकांच्या पडवीत लावून गेला.

(हरसूल म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना आधी जेल आठवतं. ते छत्रपती संभाजीनगरचं हरसूल. आमचं नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. इथे पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही घाम येतो. असो.)

तर झालं असं की गणपतीला घरी गेलो तेव्हा काका मोठ्या अभिमानाने म्हणाले, "एकही रविवार चुकवला नाही बरं का. दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो. इंजिन जाम व्हायला नको." काकू पुढे म्हणाल्या, "आधी देवपूजा, मग गाडीपूजा." मी सहज बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण फिरवून काढलं, आणि आतून दुधावरच्या सायीसारखा पिवळट चिकट थर निघाला. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. दीड वर्ष उभ्या गाडीचं ऑइल वाढलं कसं? वास घेतला. पेट्रोल.

आता इथे थांबून मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण तो मला वर्षातून चार जण तरी विचारतात (इंजिनिअर म्हटलं की कुठलाही, गाडीचं कळतंच असं लोकांना वाटतं). भारी गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर इंजिन खराब होतं का? माझं उत्तर असं: नुसतं उभं राहून इंजिन सहजासहजी मरत नाही. ते मरतं अर्धवट चालवून. आणि 'आठवड्यातून एकदा स्टार्ट करून ठेव' हा जो सल्ला प्रत्येक घरात एक तरी काका देतो, तो अर्धवट चालवण्याचाच प्रकार आहे.

थोडा हिशेब करू. ढोबळच आहे, पण अंदाज येतो. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळलं की हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटत असेल तर बारावीची केमिस्ट्री काढून बघा. एरवी हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, कारण सगळं तापलेलं असतं. पण दोन लिटरचं इंजिन जागेवर चालू ठेवलं तर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितं, म्हणजे दहा मिनिटांत दीडशे मिलीच्या आसपास. काकांचे ऐंशी रविवार धरले तर बारा लिटर पेट्रोल, आणि बारा लिटर पाणी! बरंचसं गेलं असेल बाहेर, पण थंड सायलेन्सरमध्ये आणि थंड इंजिनच्या आत जे काही साचलं ते साचलंच. त्याच पाण्याची आणि ऑइलची घुसळण होऊन ती साय जमते.

पेट्रोलचं काय? थंड इंजिन सुरू होताना कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. सगळं जळत नाही. पिस्टनच्या रिंगा गार असताना हवी तितकी घट्ट बसलेल्या नसतात, तेव्हा उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी नीट पळवली, ऑइल नव्वद-शंभर डिग्रीला पोचलं, की हे पेट्रोल आणि पाणी दोन्ही उडून जातं. पण जागेवर दहा मिनिटांत ऑइल तिथवर पोचतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा वर सरकतो तो कूलंटचा, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. म्हणजे दर रविवारी काका इंजिनला थंड स्टार्टचा सगळा त्रास देत होते आणि तापण्याचा फायदा मिळायच्या आत चावी बंद करत होते. वर मध्ये मध्ये ॲक्सिलरेटर दाबून रेसही देत होते, 'गळा साफ व्हावा' म्हणून.

बरं, बॅटरी तरी चार्ज होत होती का? आजकालची गाडी बंद असली तरी झोपलेली नसते. लॉक, अलार्म, कॉम्प्युटर मिळून तीस-पन्नास मिलिॲम्पियर खात बसतात. तीसच धरा. आठवड्याचे १६८ तास गुणिले ०.०३ म्हणजे पाच ॲम्पियर-अवर गेले. दहा मिनिटं जागेवर चालून परत आले समजा दोन. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा क्रॉन जॉब आहे की जो दर आठवड्याला सर्व्हर ठीक आहे का ते बघायला चालतो, डिस्क लॉगने भरून टाकतो, आणि 'सक्सेस' असं मेल पाठवतो. सगळे खूष. एक दिवस डिस्क भरते.

पण काकांना वेड्यात काढू नका हं. ते तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी पहाटे काढायची तर आधी स्टार्ट करून ठेवावीच लागायची, कारण ब्रेकला हवा लागते आणि टाकीत हवेचं प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. थंडीत जुनं डिझेल इंजिन थोडं तापू दिलं की निमूट चालायचं. पुढे ती गाडी दिवसभर घाट चढायची-उतरायची, त्यामुळे आत काही साचायचा प्रश्नच नव्हता. सवय बरोबर होती, यंत्र बदललं होतं. आणि लॉकडाऊनच्या वेळी, २०२० मध्ये, सगळ्या महाराष्ट्राच्या गाड्या एकदम पार्किंगमध्ये अडकल्या तेव्हा 'गाडी रोज चालू करा' म्हणणारे मेसेज घरोघर फिरले. काकांना त्यात आपलाच अनुभव दिसला.

गंमत म्हणजे इंजिन नीट झोपवायचं कसं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन बघा. पावसाळा लागला की त्याचं काम संपतं. मग लोक काय करतात? पाणी काढून टाकतात, सायलेन्सरच्या तोंडावर उलटा डबा ठेवतात, वर ताडपत्री. चार महिने कोणी हात लावत नाही. दिवाळीनंतर काढलं की आधी हँडलने सावकाश फिरवतात, ऑइल सगळीकडे पोचू देतात, आणि मगच स्टार्ट. कोणी दर रविवारी पंप दहा मिनिटं चालवत नाही. मी हे काकांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

मग उभ्या गाडीला काहीच होत नाही का? होतं ना. पण इंजिनच्या पोटात नव्हे, आधी त्याच्या आजूबाजूला. बॅटरी पहिली जाते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर तो तसाच चिकटतो. रबराची सीलं आणि पाइप सुकतात. आणि उंदीर! पडवीत शेजारी भाताची पोती असताना उंदराने वायरी का खाव्यात हे मला न सुटलेलं कोडं आहे, पण खातात. खुद्द इंजिनला गंजाचा धोका आहेच, कारण एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो आणि दमट हवा आत जाते. पण त्याला महिने नाही, बहुतेक वेळा वर्षं लागतात.

आणि आता नवीन भानगड म्हणजे पेट्रोल. २०२५ पासून आपल्या पंपांवरचं साधं पेट्रोल जवळपास सगळीकडे ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल इतकं टिकतच नाही, त्यामुळे तिला याची फिकीर नाही. पण हरसूलच्या जुलैमध्ये पाव टाकी पेट्रोल आणि पाऊण टाकी दमट हवा घेऊन उभी असलेली, ई-२० साठी न बनलेली जुनी गाडी? तिची टाकी गच्च भरून ठेवावी, हवेला जागाच नको. काका दर महिन्याला बाटलीतून दोन-तीन लिटर टाकत होते. 'उगाच भरून कशाला ठेवायचं, उडून जाईल,' म्हणून.

या गाड्या मुळात उभ्या राहण्यासाठीच जन्माला येतात की काय, असंही कधी वाटतं. आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध स्पोर्ट्स कार आठवा. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल फियाटतर्फे शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली. पुढच्या वर्षी तिच्या एक कोटीच्या वर असलेल्या आयात शुल्कावरून काय गदारोळ झाला! शेवटी ते फियाटने भरलं. २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. मला त्या गाडीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. त्या व्ही-८ इंजिनचा टायमिंग बेल्ट रबराचा आहे, आणि तो बदलायचा हिशेब नुसता किलोमीटरचा नसतो, वर्षांचाही असतो. गाडी एक किलोमीटर चालली नाही तरी दर काही वर्षांनी बेल्ट बदलायचा. तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, मग खर्चाचा आकडा न विचारलेला बरा. म्हणजे बनवणाऱ्यांनी उभं राहणं गृहीत धरलेलंच आहे. मालकच ते विसरतो आणि ओडोमीटर दाखवून म्हणतो, "फक्त आठ हजार चाललीय, नव्यासारखी आहे." सेकंडहँड घेताना असं वाक्य ऐकलं की मी तरी आधी तारखा विचारेन.

असो, पडवीत परत येऊ. अवघड भाग पुढेच होता. ऑइलची गोष्ट काकांना सांगायची कशी? ऐंशी रविवार त्या माणसाने अंगणात खुर्ची टाकून, गाडी चालू ठेवून, शेजारी बसून काढले होते. काकूंनी मला नंतर सांगितलं की दादाचा फोनही रविवारीच, त्याच सुमाराला येतो. काका फोन गाडीपाशी नेतात आणि त्याला आवाज ऐकवतात. इतका वेळ मी लिटर आणि ॲम्पियर मोजत होतो आणि हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

शेवटी सरळ सांगितलं. डिपस्टिक त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी वास घेतला, बोटांवर ऑइल चोळून पाहिलं, आणि तीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला पुढचं समजावावं लागलं नाही. "पातळ झालंय रे," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याला सांगू नको."

मी दादाला सांगितलं. वाईट वाटलं, पण सांगितलं, कारण निर्णय त्याचा होता. माझं मत होतं की विकून टाक. तो आणखी दोन वर्षं तरी येत नाही, आणि गाडी ही काही फिक्स्ड डिपॉझिट नव्हे. तो भडकला. म्हणाला, "तुला काय माहीत ती गाडी घ्यायला मी काय केलंय." खरं आहे, मला माहीत नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, पण मग एक तर नीट झोपव नाही तर नीट चालव. मधलं काही नको.

नाशिकहून ओळखीचा फिटर आणला. ऑइल आणि फिल्टर बदलले. निघालेलं ऑइल पाण्यासारखं वाहत होतं. तो म्हणाला बेअरिंगं बहुतेक वाचली आहेत, आवाज स्वच्छ आहे. बहुतेक हा शब्द मला आवडला नाही, पण इंजिन उघडल्याशिवाय याहून जास्त कोणीच सांगू शकत नाही. टाकीतलं पेट्रोल काढलं, नवं गच्च भरलं. सायलेन्सरच्या मागच्या डब्याला खालून सुईएवढं भोक पडलेलं सापडलं, पाणी नेमकं तिथेच साचत होतं.

ठरलं ते असं. पावसाळ्यात गाडी झोपणार: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, टाकी फुल्ल, हँडब्रेक सोडून चाकांना दगड, टायरमध्ये हवा थोडी जास्त, सायलेन्सरच्या तोंडाला जाळी, आणि भाताची पोती दुसऱ्या खोलीत (यावरून काकूंशी वेगळं युद्ध झालं). पाऊस उघडला की तीन आठवड्यातून एकदा काकांनी स्वतः ती त्र्यंबकपर्यंत न्यायची आणि आणायची. पहिली दहा-पंधरा मिनिटं सावकाश, मग चांगली तापू द्यायची. स्टार्ट करून नुसती उभी करायची नाही, एकदाही नाही.

काका आधी नाहीच म्हणत होते. "लेकाची गाडी आहे, कुठे घासली तर?" मी म्हटलं, "काका, तुम्ही पन्नास माणसं घेऊन घाटातून एसटी काढलीत." दसऱ्यानंतरच्या रविवारी निघालो. सीटवर बसताना, म्हणजे खरं तर उतरताना, म्हणाले, "बूड रस्त्याला टेकतंय रे हिच्यात." गावाबाहेर पडेपर्यंत दुसऱ्या गियरच्या वर गेले नाहीत. प्रत्येक खड्ड्याला थांबून तिरकी घेत होते. मोकळा रस्ता आला, ऑइल तापलं होतं, मी म्हटलं आता दाबा. त्यांनी दाबलं. टर्बोचा धक्का बसला तसे दोघेही सीटला चिकटलो, आणि काकांनी तोंडातून जो शब्द काढला तो इथे लिहिता येणार नाही :)

त्र्यंबकला चहा घेताना दादाचा फोन आला. काकांनी उचलला आणि म्हणाले, "आवाज नाही ऐकवत आज. गार होऊ दे जरा. खरी चालवून आणलीये."