लखनौची चमचमती तार आणि घरातला एलईडी

लखनौच्या चौकात चिकनचे कपडे घ्यायला गेलात, तर मुकैशचं काम केलेली एखादी ओढणी नक्की मागून बघा. बादल्याची, म्हणजे धातूची चपटी बारीक तार कापडात ओवून कारागीर एकेक ठिपका तयार करतात. दुकानदारानं ती ओढणी दिव्याखाली धरली की सगळे ठिपके एकदम लखलखतात.

ही तार दुसऱ्याचा प्रकाश परतवते. आज ओळख करून घेऊया स्वतः उजळणाऱ्या तारेची. तिचं नाव नॅनोतार. ती इतकी बारीक असते की आपल्या एका केसाच्या जाडीत अशा सुमारे 800 तारा शेजारी शेजारी मावतील!

पण ती हवी कशाला? त्यासाठी आधी दुकानातला तो दिवा बघू. पांढरा एलईडी बल्ब आतून बहुधा निळा असतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 मध्ये नोबेल मिळालं. निळ्यावरचा पिवळा लेप त्यातला काही प्रकाश पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. मात्र या रंगबदलात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

मग लाल, हिरवा आणि निळा प्रकाश थेटच मिसळला तर? इथे हिरवा अडून बसतो. गॅलियम नायट्राइडपासून हिरवा मिळवायचा तर त्यात इंडियम जास्त घालावं लागतं आणि इंडियमचा अणू मोठा असतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे! सपाट थरात तशीच दाटी होते, ताण येतो, स्फटिकात दोष वाढतात आणि विजेची उष्णता होते.

बाकाच्या टोकाचा माणूस मात्र जरा बाहेर सरकू शकतो. नॅनोतारेला चहूबाजूंनी अशी मोकळी कडा असते. त्यामुळे ताण सैल होतो आणि प्रकाशालाही बाहेर पडायला वाट मिळते.

अडचणीही आहेत. कोट्यवधी तारा एकसारख्या वाढवणं कठीण आहे आणि उघड्या पृष्ठभागावरही ऊर्जा गळते. म्हणून आपल्या घरातले बल्ब अजून सपाट थराचेच आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोतारांवर प्रयोग झाले आहेत. त्या दिव्यासाठी नव्हेत, पण तार वाढवण्याची विद्या आपल्याकडे आहे.

आज रात्री एक करून बघा. बराच वेळ चालू असलेला बल्ब बंद करा आणि त्याच्या खालच्या भागाजवळ हात न्या. जी ऊब लागेल, ती प्रकाश न झालेली वीज. बिल मात्र तिचंही आपणच भरतो!