सरासरीतलं श्रीवर्धन

परवा जोडून सुट्टी आली म्हणून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जाऊन आलो. समुद्र, सुरमई, मोदक वगैरे नेहमीचं झालंच. पण ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी वाडी दाखवली आणि डोक्यात किडा सोडला.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागाच्या बागा झोपल्या. सरकारने फळबागांच्या मदतीचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केला. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण इथे हेक्टरात बोलतं कोण! वाडी असते दहा-पंधरा गुंठ्यांची. दहा गुंठ्यांचे होतात साधारण पाच हजार. त्यात दाटीने लावलेल्या सुपाऱ्या, मधे नारळ, वर मिरीचे वेल. "अहो, पडलेली झाडं उचलायची मजुरी तरी निघते का त्यात?" काका म्हणाले. जमीन नको, झाडं मोजा, हे सांगायला मुंबईपर्यंत जावं लागलं. श्रीवर्धनच्या पंचायत समितीत कुणीही ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आता गंमत बघा. १९८४च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो जिल्हा धरून. रायगड जिल्हा म्हणजे पनवेल, तळोजा, उरणचं बंदर... आणि म्हसळा, श्रीवर्धनसुद्धा. १९९४मध्ये विकास मंडळं झाली तेव्हा अख्खं कोकण 'उर्वरित महाराष्ट्रा'त, पुण्या-नाशकाच्या पंगतीत! आमच्या धंद्यात सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवून खूष होणाऱ्याला मॅनेजर झापतो, कारण अडकलेला युजर सरासरीत दिसतच नाही.

तसे कायदे आहेत. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, १९९३ला ७३वी घटनादुरुस्ती, २९ विषयांची यादी. असो. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता.

माझं म्हणणं एवढंच, की पैसे राज्याने द्यावेत, पण गुंठा मोजायचा की झाड हे तालुक्याला ठरवू द्यावं. तुम्ही म्हणाल, खाली पैसा गेला की खाली खातात. खातीलही! पण तो खाणारा रोज बाजारात भेटतो, त्याला गाठता येतं. मंत्रालयातल्या फायलीला कुठे गाठणार?

निघताना काकांनी पिशवीभर सुपारी दिली, वादळातून वाचलेल्या जुन्या झाडांची. आमच्या घरी कुणी सुपारी खात नाही, हे काही त्यांना सांगितलं नाही.