रंग जुळेपर्यंत थांबू नका

मोटारीच्या दारावर ओरखडा उठला की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "अरेरे, चांगल्या गाडीचा विचका झाला!" हे पहिले. आणि चार दिवसांनी, "असू दे आता, दिवाळीला एकदमच रंग काढून घेऊ," हे दुसरे. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे मोटारीचा रंग शोभेसाठी असतो. माझे म्हणणे असे की, रंग हा आधी पत्र्याचा रेनकोट आहे आणि मग पोशाख. भर पावसात फाटलेल्या रेनकोटाला ठिगळ लावताना कोणी रंगसंगती पाहत बसत नाही.

हा रेनकोट आहे तरी किती जाड? मोटारीच्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा अगदी पातळ थर देतात. मग गाडीचा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर. इतके सारे थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी, म्हणजे जाडसर केसाइतकी! खालचा पत्राही पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो.

आता गंमत पाहा. जो ओरखडा पांढराशुभ्र, लांबलचक आणि डोळ्यांत खुपणारा असतो, तो बहुधा वरच्या पारदर्शक थरातच असतो. त्यावर पाणी लावले की तो दिसेनासा होतो, नख फिरवले तर अडकत नाही. त्याने पत्र्याचे काहीही बिघडत नाही. उलट चाकाने उडवलेल्या खडीचा टवका मुगाच्या दाण्याएवढा असतो, पण तो थेट लोखंडापर्यंत पोचलेला असतो. लोक पहिल्यासाठी पॉलिशवर पैसे घालवतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. बंपर तर हल्ली बहुतेक गाड्यांना प्लॅस्टिकचाच असतो. तो गंजायचा नाही, त्याची काळजी सोडा.

लोखंड उघडे पडले की पुढे काय होते? केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी 1926 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो. त्यामुळे थेंबाखाली चिमुकला विद्युतघटच तयार होतो. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन अल्क बनवतात. दोन्ही पदार्थ जेथे भेटतात तेथे तांबूस गंजाचे कडे उमटते. म्हणजे धातू झिजतो एकीकडे आणि गंज दिसतो दुसरीकडे!

मोटारीच्या टवक्यात हेच घडते. तयार होणारे अल्क रंगाची पत्र्यावरची पकड सैल करते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. मग फोड येतो, पोपडा सुटतो आणि नवे लोखंड उघडे पडते. ओरखडा असा कडांकडून रुंदावत जातो. 'दिवाळीपर्यंत थांबू' म्हणणाऱ्याला तो आज आहे तेवढाच राहील असे वाटते, तेथेच हिशेब चुकतो.

शिवाय दिवाळीच्या आधी पावसाळा येतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग खूप वाढतो. कोकणात पावसाळ्यात ती 80 च्याही वर असते. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गावांत भर पडते ती खाऱ्या वाऱ्याची. स्वयंपाकघरातल्या खड्या मिठाला पाणी सुटलेले तुम्ही पाहिले असेल. मिठातले मॅग्नेशियम क्लोराईड हवेतली वाफ शोषून घेते. टवक्यात बसलेले समुद्री मीठही तेच करते, म्हणून पाऊस नसतानाही लोखंड ओलेच राहते.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, मग भीती कसली? जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते हे खरे. पण ते झिजून संपतेही, आणि प्रत्येक गाडीचा प्रत्येक पत्रा तसा नसतो. मुदत वाढते, एवढेच.

मग करावे काय? कोरडा दिवस पाहून जागा साबणाने धुवावी, गोड्या पाण्याने मीठ काढून टाकावे आणि पूर्ण वाळू द्यावी. तांबूस डाग असेल तर पॉलिशपेपरने चकाकता धातू दिसेपर्यंत घासावे. गंजावरच रंग फासणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण ओल आणि मीठ आत कोंडले जाते. मग काडीच्या टोकाने प्रायमरचा पातळ थर द्यावा आणि तो वाळला की रंगाचे दोन पातळ थर. नुसत्या प्रायमरवर थांबू नये, पुष्कळसे प्रायमर सच्छिद्र असतात. गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा गाडीवरच्याच पट्टीवर लिहिलेला असतो. तो रंग मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर निळ्या गाडीवर हिरवा ठिपका चालेल. आज लावलेला हिरवा ठिपका दिवाळीतल्या निळ्यापेक्षा मला शंभरदा पसंत आहे.

घरात मोटार नसली तरी सायकल असेलच, तिचे मडगार्ड नीट तपासा. आणि घरची मोठी माणसे ऐकत नसतील तर वाद घालू नका. फॅब्रिकेशनच्या दुकानातून जस्त न चढवलेल्या पत्र्याचे दोन तुकडे आणा, दोन्हींना ऑइलपेंट देऊन आठवडाभर वाळवा. खिळ्याने दोन्हींवर लोखंडापर्यंत सारखीच रेघ ओढा. एका रेघेवर मिळेल त्या रंगाचा हात द्या, दुसरी तशीच ठेवा. ठिगळ वाळल्यावर दोन्हींवर रोज मिठाचे पाणी शिंपडा. पंधरा दिवसांनी सुरीच्या बोथट बाजूने रेघेच्या कडेचा रंग हलकेच खरवडा आणि तो कोठवर सुटतो ते पट्टीने मोजून घरच्यांना दाखवा.