बेलगाछियाचे दार आणि आमची पाच चाळीसची एस. टी.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कॉलेजच्या फळ्यावर एक सूचना लागते. स्नेहसंमेलनातील नाटकासाठी कलाकारांची निवड करावयाची आहे, इच्छुकांनी नावे द्यावीत, तालीम रोज सायंकाळी सहा वाजता, वेशभूषेचा खर्च ज्याचा त्याने करावा. सूचना छोटी असते. गेल्या वर्षी मी ती दोनदा वाचली आणि वर्गात निघून गेले. माझ्या गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. पाच चाळीसला सुटते.

घरी आईला हे सांगितले तेव्हा तिला एस. टी.चे काही वाटले नाही. ती म्हणाली, "नाटकात काम करायचं आन् वर पैसं बी आपणच घालायचं? आपल्या जत्रंत तर नारळ देत्यात." आईचे खरे आहे. आमच्या गावात जत्रेला नाटक होते. पडदे भाड्याने आणतात, वर्गणी दारोदार गोळा होते आणि माझे चुलते गेली कित्येक वर्षे त्यात कामे करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. नाटकात काम करायला परवानगी, पोशाख आणि सोयीची वेळ लागते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

ही तक्रार लिहून थांबले असते तर तिला काही अर्थ नव्हता. पण त्याच सुमारास ग्रंथालयात बंगाली रंगभूमीच्या इतिहासावरचे एक पुस्तक हाती लागले आणि माझी छोटीशी अडचण दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या काही पोरांनाही आली होती असे दिसले. त्यांनी तिचे काय केले हे माझ्या मित्रमैत्रिणींना आणि प्राध्यापकांना सांगावे, म्हणून हा लेख.

गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात कलकत्त्यातील धनिकांना हौशी नाटकाचा मोठा नाद होता. १८३१ साली प्रसन्नकुमार ठाकुरांनी 'हिंदू थिएटर' काढले. तिथे नाटके होत ती इंग्रजीत. १८३५ साली श्यामबाजारच्या नवीनचंद्र बसूंनी आपल्या घरी 'विद्यासुंदर' हे बंगाली नाटक करविले आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. ही सगळी घरची नाटके. तिकीट नाही, आमंत्रण होते. ज्याला आमंत्रण नाही त्याने वाड्याबाहेरच्या रस्त्यावरून गाण्याचे सूर ऐकावेत.

यात सर्वांत नावाजलेले झाले ते बेलगाछियाचे नाट्यगृह. बेलगाछियाची बाग पूर्वी द्वारकानाथ ठाकुरांची. पुढे ती पाइकपाड्याच्या जमीनदार सिंह घराण्याने घेतली. प्रतापचंद्र आणि ईश्वरचंद्र सिंह या दोघा भावांनी तिथे रंगमंच उभारला. यतींद्रमोहन ठाकुरांसारखे रसिक त्यांच्या सोबतीला होते. ३१ जुलै १८५८ रोजी तिथे 'रत्नावली'चा पहिला प्रयोग झाला. मूळ नाटिका श्रीहर्षाची, बंगाली रूप रामनारायण तर्करत्नांचे. सत्तावन्नच्या उठावाची धग अजून पुरती विझलेली नव्हती, आणि इथे बागेत दिव्यांच्या रोषणाईत नाटक चालले होते. क्षेत्रमोहन गोस्वामींनी देशी वाद्यांचा मेळ बसविला होता. पैसा पाण्यासारखा ओतला गेला. नटवर्ग हौशी, पण तालमी महिनोन् महिने चाललेल्या.

हे वाचताना माझ्या मनात प्रथम रागच आला. जमीनदारांच्या पैशाचा उगम कुळांच्या शेतात असतो, हे मला कुणी शिकवायला नको. माझे पणजोबा कुळच होते. पण पुढचे वाचल्यावर राग जरा बाजूला ठेवावा लागला. इंग्रज पाहुण्यांना नाटक समजावे म्हणून 'रत्नावली'चे इंग्रजी भाषांतर हवे होते. ते काम पोलीस कोर्टात नोकरी करणाऱ्या एका तरुणाला दिले गेले. तो मद्रासहून नुकताच परतलेला, धर्मांतर केलेला, घरच्यांपासून तुटलेला. त्याचे नाव माइकेल मधुसूदन दत्त. तालीम पाहताना तो आपल्या मित्राजवळ कुरकुरला की, एवढा खर्च, आणि तो अशा सामान्य नाटकावर! चांगले नाटक आहेच कुठे, असे मित्राने विचारताच, मी लिहितो, असे तो म्हणाला. इंग्रजीत कवी व्हायची स्वप्ने पाहणारा हा माणूस मग बंगाली आणि संस्कृत ग्रंथ वाचायला बसला आणि त्याने 'शर्मिष्ठा' लिहिले. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा ही कथा आपल्याला वि. स. खांडेकरांच्या 'ययाती'मुळे आणि शिरवाडकरांच्या 'ययाती आणि देवयानी'मुळे घरची वाटते. बंगालीत ती ३ सप्टेंबर १८५९ रोजी बेलगाछियाच्या रंगमंचावर आली.

म्हणजे ज्याने नाटकाला नावे ठेवली, त्यालाच पुढचे नाटक लिहायला दिले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. कुरकुर करणाऱ्याला हाकलून देणारी मंडळे आपण पाहतो. सिंह बंधूंनी तसे केले नाही. एवढ्यापुरता मी त्या जमीनदारांना मनापासून नमस्कार करते.

पण याच मधुसूदनाची पुढची हकीकत ऐका. त्याला प्रहसने लिहायला सांगितले. त्याने दोन लिहिली. एकात इंग्रजी शिकून दारूला सुधारणा समजणाऱ्या तरुणांची टर उडविली आहे, दुसऱ्यात जपमाळ ओढीत गरिबाघरच्या बाईवर डोळा ठेवणाऱ्या म्हाताऱ्या जमीनदाराची. १८६० साली दोन्ही छापून निघाली, पण बेलगाछियाच्या रंगमंचावर ती कधीच आली नाहीत. येणार तरी कशी? ज्यांची टर उडवायची तेच पुढच्या खुर्च्यांवर आमंत्रण घेऊन बसणार! दुसऱ्या एका श्रीमंत घराने, शोभाबाजारात, पाच वर्षांनी त्यांतले पहिले प्रहसन केले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझा लेख एकांगी होईल. तरी मुद्दा राहतोच. खासगी रंगमंचावर यजमानाची मर्जी हीच शेवटची ओळ असते.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. १८६१ साली ईश्वरचंद्र सिंह वारले आणि बेलगाछियाचे नाट्यगृह बंद पडले. तीन वर्षांचा सारा खेळ. आपल्याकडेही हेच झाले होते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि आश्रय तुटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले, १८५३ साली मुंबईला पोचले आणि तिकीट लावून खेळ करू लागले. धनी गेल्यावर नाटक रस्त्यावर आले आणि म्हणूनच जगले, असे मला वाटते.

आता त्या पोरांची गोष्ट. कलकत्त्याच्या बागबाजार भागात काही तरुण होते. त्यांत गिरीशचंद्र घोष म्हणून एक होता. एंट्रन्स परीक्षा त्याला कधी पास होता आली नाही. एका इंग्रज व्यापारी कचेरीत तो हिशेब लिही. या मंडळींना नाटकाचे वेड, पण बेलगाछियासारखे पडदे, पोशाख, दागिने आणायचे कोठून? मग त्यांनी १८६७ साली मधुसूदनाचे 'शर्मिष्ठा' घेतले आणि ते जात्रेच्या पद्धतीने केले. बंगालची 'जात्रा' म्हणजे भोवती लोक बसलेले, पडदा नाही, सजावट नाही. राजवाड्यातली शर्मिष्ठा अशी अंगणात आली.

त्यानंतर त्यांनी दीनबंधू मित्रांचे 'सधवार एकादशी' निवडले. हे दीनबंधू टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या नाटकातली माणसे त्याच काळची, त्याच गल्ल्यांतली. अंगावरचे कपडे घालूनच उभे राहायचे. पोशाखाचा खर्चच नाही! पुढे गिरीशबाबू बंगालचे सर्वांत मोठे नट आणि नाटककार झाले, तेव्हा त्यांनी कृतज्ञतेने लिहून ठेवले की, दीनबंधूंची नाटके नसती तर आमच्यासारख्या निर्धन पोरांना रंगमंच उभारण्याचे धैर्य झाले नसते. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसले. आमच्या फळ्यावरच्या त्या एका ओळीचे उत्तर कुणीतरी १८६८ च्या सुमारासच देऊन ठेवले होते.

याच मंडळींतून ७ डिसेंबर १८७२ रोजी 'नॅशनल थिएटर' निघाले. जोडासांकोमधल्या एका घराचे अंगण भाड्याने घेतले आणि 'नीलदर्पण'चा प्रयोग केला. तिकीट एक रुपया आणि आठ आणे. नाटकही दीनबंधूंचेच. निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर केलेला जुलूम त्यात आहे. १८६१ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला होता. तो दंड भरला कालीप्रसन्न सिंहांनी. आणि गंमत अशी की, या कालीप्रसन्नांचेही घरी स्वतःचे हौशी नाट्यगृह होते! तेव्हा श्रीमंत सगळे वाईट आणि गरीब सगळे चांगले अशी सोपी वाटणी इतिहास करू देत नाही. पण रयतेचे नाटक रयतेला पाहता आले ते आठ आण्यांचे तिकीट निघाल्यावरच, एवढे निश्चित.

आता आमच्या कॉलेजातले एक सर काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. दार उघडले की दर्जा जातो, असे ते वर्गात एकदा म्हणाले होते. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. खुद्द गिरीशचंद्रांनी १८७२ साली हाच आक्षेप घेतला होता. पुरेशी तयारी नसताना, साधने नसताना 'नॅशनल' असे मोठे नाव लावून तिकीट विकले तर लोक हसतील, असे म्हणून ते त्या पहिल्या प्रयोगापासून दूर राहिले. काही महिन्यांत ते परत आले ही गोष्ट वेगळी. पण त्यांची काळजी खोटी नव्हती. आमच्या जत्रेतल्या नाटकात नट संवाद विसरतो आणि लोक टाळ्या वाजवून त्याला सांभाळून घेतात. ते प्रेम आहे, कला नव्हे. बेलगाछियाकडून महिनोन् महिन्यांची तालीम घ्यावी आणि बागबाजाराकडून अंगण घ्यावे, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही एकत्र येत नाहीत असे कुणी म्हटले, तर मी गिरीशचंद्रांकडेच बोट दाखवीन.

आणखी एक आठवण केल्यावाचून राहवत नाही. बेलगाछियाच्या तीन वर्षे आधी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. जोशीबुवांकडून नाडल्या जाणाऱ्या कुणबी नवराबायकोची ती गोष्ट. शेवटी ती दोघे शिकायला निघतात. हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले गेले आणि नाकारले गेले. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली. त्याला त्या काळी ना बाग मिळाली, ना राजा, ना अंगण. मधुसूदनाला बेलगाछिया भेटले. जोतीरावांना कोण भेटले? एखाद्या भाषेत नाटक चांगले की वाईट हे ठरण्याआधी, ते कुणाच्या दारावरून परत गेले हेही पाहायला हवे. मी वर्गात बसते ती त्या नाटकातल्या बाईच्या मागोमाग चालत येऊन बसते, असे मला कधी कधी वाटते.

मोठ्या गोष्टींवरून पुन्हा आपल्या फळ्याकडे येते. आपले नाट्यमंडळही एक खासगी नाट्यगृहच आहे. त्याचे दार कुणी मुद्दाम लावलेले नाही, हे मला माहीत आहे. सहाची वेळ ठरविणाऱ्यांना एस. टी.चे वेळापत्रक ठाऊक नसते इतकेच. पण न जाणता लावलेले दारही बाहेरच्याला बंदच असते. माझ्या वर्गात रोज बसने येणाऱ्या मुली बऱ्याच आहेत. त्यांतली एक तर अशा नकला करते की, हसून पोट दुखावे. तिचे नाव आजवर कुठल्याही नाटकाच्या पत्रिकेत छापले गेलेले नाही.

म्हणून तीन साध्या मागण्या. तालीम दुपारच्या सुट्टीत आणि तिच्यापुढच्या रिकाम्या तासाला घ्यावी. सुट्टीच्या दिवशी सकाळी घेतली तरी चालेल. दर वर्षी निदान एक एकांकिका अशी निवडावी की, अंगावरच्या कपड्यांनिशी करता येईल. आणि नाटक पाहून कुरकुरणारा एखादा विद्यार्थी सापडला, तर त्याला पुढच्या वर्षीचे नाटक लिहायला सांगावे. यासाठी राजा लागत नाही, देणगी लागत नाही. फळ्यावरच्या दोन ओळी बदलाव्या लागतील.

हा लेख छापून येईल तेव्हा मी तिसऱ्या वर्षात गेलेली असेन आणि दिवाळीनंतर फळ्यासमोर पुन्हा उभी राहीन. सूचनेतली वेळ बदललेली दिसली तर पहिले नाव माझे असेल. दुसरे त्या नकला करणाऱ्या मुलीचे. पोशाखाची काळजी नको. आम्ही जशा येतो तशाच उभ्या राहू.