विश्लेषण : ‘दुबार’ मतदार संगणक कसा शोधतो आणि कुठे फसतो?

राज्य निवडणूक आयोगाने २ डिसेंबर २०२५ च्या नगर परिषद व नगरपंचायत निवडणुकांसाठी संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे () दाखवण्याची पद्धत आणली. पालघर, डहाणू, जव्हार नगर परिषदा आणि वाडा नगरपंचायतही याच फेरीत होत्या. पण लाखो नावांतून ही ‘जुळी’ नावे निघतात कशी?

नोंदींची तुलना कशी होते?

मतदार यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे ठरावीक रकान्यांचा मजकूर : नाव, वडील किंवा पतीचे नाव, वय, लिंग, घर क्रमांक, ओळखपत्र क्रमांक. ओळखपत्र क्रमांक जुळवून काम भागत नाही. खोली बदलली की अनेक जण पत्ताबदलाचा अर्ज क्रमांक ८ न भरता नवमतदाराचा अर्ज क्रमांक ६ भरतात. अशा वेळी त्याच माणसाला दुसरा क्रमांक मिळू शकतो. उलट, वेगवेगळ्या राज्यांतील काही मतदारांना एकच क्रमांक गेल्याचे केंद्रीय निवडणूक आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले.

म्हणून नाव, नाते, वय यांची तुलना करावी लागते. समजा, एका मतदारसंघात ४ लाख नोंदी आहेत. प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडून पाहिली तर सुमारे ८ हजार कोटी तुलना होतात. त्यावर उपाय म्हणजे आधी गट पाडणे. आद्याक्षर, लिंग आणि वयोगट सारखा असेल तरच दोन नोंदी समोरासमोर आणायच्या. अर्थात, ‘वसंत’ एका जागी ‘बसंत’ झाला, तर ती जोडी कधीच भेटत नाही.

‘सारखे’ म्हणजे किती सारखे?

संगणकाला अक्षर दिसत नाही, संकेतांक दिसतो. ‘वऱ्हाडे’ मधला ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ खाली नुक्ता देऊनही. पडद्यावर फरक शून्य, पण थेट तुलनेत नावे वेगळी. बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या बाबतीत तर ‘रामप्रवेश’ आणि ‘राम परवेश’ हा एकच माणूस असू शकतो. किती अक्षरे बदलली की एक नाव दुसरे होते, हे मोजण्याची पद्धत सोव्हिएत गणितज्ञ लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. कोणता रकाना जुळल्यास किती वजन द्यायचे, याचा सिद्धांत फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये मांडला. तारापूरची अणुवीज सुरू झाली तेच वर्ष.

आडनाव जुळणे सगळीकडे सारखे मोलाचे नसते, हे या सिद्धांताचे मर्म. दुर्मीळ आडनाव जुळले तर तो भक्कम पुरावा. पण जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर निम्म्या घरांचे आडनाव एकच असते, नातवाला आजोबांचे नाव असते आणि वय अंदाजाने लिहिलेले. तिथे चार रकाने जुळूनही माणसे दोन असू शकतात. शहरासाठी ठरवलेली गुणांची रेषा तिथे लावली, तर खरा मतदार ‘दुबार’ ठरेल.

मग नाव कापले जाते का?

दोन तारे म्हणजे नाव वगळणे नव्हे, आणि हेच बरोबर आहे. तुलनेतून फक्त संशय निघतो. चित्र, पत्ता, नाते तपासून यंत्रणेने मतदाराशी संपर्क साधायचा आणि मतदान कुठे करणार हे विचारायचे. प्रतिसाद न आल्यास मतदान केंद्रावर काटेकोर ओळख पटवून, दुसरीकडे मतदान केले नसल्याचे व करणार नसल्याचे हमीपत्र घेऊन मतदान करू द्यायचे.

जिल्ह्यात अडचण आहे ती संपर्काची. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. तपासणीला कर्मचारी आला तर दार बंद. एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ व १८ नुसार चालत नाही आणि नोंदणीसाठी जाणूनबुजून खोटे निवेदन दिल्यास कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जुनी नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज क्रमांक ७ आहे.